आवडाईने न विचारलेले नाव

एका राज्यात, जिथे गोडाचे नाव घेतल्याशिवाय पंगतीत पहिला घास कोणी उचलत नसे, आवडाई नावाची एक बाई राहत होती. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात रांधणारे अठरा होते, वाढणारे छत्तीस होते, पण नाव घेणारी ती एकटीच. नवी नवरी उखाण्यात नवऱ्याचे नाव घेते ना, तसे हिने पक्वान्नाचे नाव घ्यायचे. पाने मांडली, रांगोळी झाली, की आवडाई पदर खोचून पंगतीच्या मधोमध उभी राही. ताटात काय आहे, त्या नावाचा अर्थ काय, ते आले कुठून, हे सारे ती दोन ओळींत बसवून सांगे.

"क्षीर म्हणजे दूध, दुधाची झाली खीर,
सावकाश जेवा मंडळी, होऊ नका अधीर."

मग राजा धवलसेन म्हणे, "आवडलं," आणि शंभर हात एकदम पानाकडे जात.

काय तिचे कौतुक वर्णावे. फेसासारखी हलकी म्हणून फेणी, हे तिनेच पोरांना सांगितले. साखर हा शब्द मुळात बारीक खड्यांचा, नदीकाठच्या खडीला म्हणत तेच नाव उसाच्या खड्यांना मिळाले, हेही तिचेच सांगणे. एकच शब्द तिच्या तोंडून निघे आणि ऐकणाऱ्याला वाटे, आपण रोज खातो ते आज पहिल्यांदा पाहिले. लोक म्हणत, आवडाईने नाव घेतल्याखेरीज लाडूलासुद्धा आपण लाडू आहोत हे कळत नाही. आणि लोक म्हणत त्यात फारसे खोटे नव्हते.

ही विद्या तिला सासूकडून आली, आणि विद्येबरोबर एक नेमही आला. पाहुण्याने गोड आणले तर आधी त्याच्या पायांवर पाणी घालायचे. मग विचारायचे, "पाहुण्या, ह्याचं नाव काय, गाव काय?" तो सांगेल तेच नाव पंगतीत घ्यायचे, पदरचे घालायचे नाही. पण तीस वर्षांत आवडाईला ठाऊक नाही असे काही कोणी आणलेच नव्हते. न विचारता ओळखायची तिला सवय लागली, आणि सवयीची पुढे ऐट झाली. ऐट कोणाला सुटली आहे, म्हणा.

एके वर्षी नव्या भाताची पंगत बसली होती. आवडाईची सतरा वर्षांची लेक मालन तबक घेऊन आईच्या मागे उभी होती, कारण पुढे नाव घेण्याचे काम तिच्याकडे यायचे होते. इतक्यात एक पाहुणा आला. पाय धुळीने भरलेले, अंगावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेला एक काळा गोळा. त्याने तो गोळा मालनच्या तबकात ठेवला आणि खाली मान घालून उभा राहिला.

पंगत वाट पाहत होती. आवडाईने गोळ्याकडे पाहिले. तिला तो ओळखता येईना, आणि ओळखता येत नाही हे चारचौघांत कबूल करवेना. तिच्या जिभेवर यमक मात्र तयार होते.

"कढईच्या बुडाला लागली काळी खरवड,
तीच घेऊन आला पाहुणा, केवढी त्याची परवड."

पंगत हसली. राजा हसला. मालन तेवढी हसली नाही.

पाहुण्याने मान वर केली. तो मांत्रिक होता, हे तेव्हा सगळ्यांना दिसले, कारण समयांच्या ज्योती त्याच्याकडे झुकल्या.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "विचारायला काय पडलं होतं? ज्या नावांची तुला एवढी ऐट, ती सगळी जातील. नावांमागे गोडी जाईल. आणि ती सगळी गोडी तिथं जाऊन बसेल, जिथं तुझं काळीज आहे."

त्याने गोळा परत फडक्यात बांधला आणि तो चालता झाला.

आवडाईने मागे वळून पाहिले. मालन तबक धरून उभी होती तशीच होती, पण नखशिखांत साखरेची झाली होती. केसांची बट साखरेची, बांगड्या साखरेच्या, पापण्यासुद्धा साखरेच्या. तिच्या पायाच्या अंगठ्याशी एक मुंगी आली होती.

त्या दिवसापासून राज्यात गोडाचे एकही नाव कोणाला आठवेना. आई मुलाला म्हणे, "तुला ते... गोल... ते देऊ का?" आणि गप्प होई. (मी सांगणारा आणि तुम्ही ऐकणारे शापाच्या बाहेर, म्हणून आपल्याला ती नावे येतात. त्याचा उगीच तोरा नको.) नावे गेली तशी चवही गेली. साखर तोंडात घातली की वाळूसारखी कचकच वाजे, आणि मध मेणचट लागे. राज्यातल्या मुंग्यांना कुठेच गोड मिळेना. मग रानातल्या, शेतातल्या, भिंतींतल्या साऱ्या मुंग्या रांगा धरून राजवाड्याकडे निघाल्या.

आवडाईने मालनला एका चौरंगावर उभे केले. चौरंगाचे चार पाय चार पाण्याच्या वाट्यांत ठेवले, जसे आपण तुपाच्या फडताळाचे ठेवतो. भोवती हळदीची रेघ ओढली. मग ती तिथेच बसून राहिली आणि रडली. आपल्या तोंडाने आपण लेक घालवली, हे तिला कळत होते.

मुदपाकखान्याच्या खिडकीत एक साळुंकी राहत असे. ती म्हणाली, "बाई, रडून मुंग्या थांबत नाहीत."

"तू बोलतेस?" आवडाई म्हणाली.

"नेहमीच बोलत होते. तू विचारलं नाहीस." साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "ऐक. नाव म्हणजे तीन पदरी दोर. अर्थ, मूळ आणि यमक. तिन्ही पदर सुटले, आणि जो तो आपल्या जागी परत गेला. अर्थ आनंदगडावरच्या यक्षाकडे. मूळ समुद्रकाठच्या वाळूराणीकडे. यमक मात्र अडकलं त्या मांत्रिकापाशी. तिन्ही आण."

राजा धवलसेन दारात उभा होता. त्याने सारे ऐकले होते. "आवडाई, तुम्ही जा," तो म्हणाला. "मीही हसलो होतो. वाट्यांतलं पाणी मी आटू देणार नाही."

आणि खरोखर राजा मुकुट काढून चौरंगाशी बसला. हातात मोरपिसांचा कुंचला, बाजूला पाण्याची घागर.

आवडाईने एक लहान पातेले, तांदळाची पिठी, दोन नारळ आणि ती निरुपयोगी साखर बांधून घेतली आणि साळुंकीमागे निघाली. तिसऱ्या दिवशी आनंदगड आला. त्याला नऊशे पायऱ्या होत्या आणि वर एक यक्ष बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

"मानवी," यक्ष म्हणाला, "उकडीचं ते कर, ज्याला नाक असतं."

आवडाईने पिठीची उकड काढली, पारी केली, आत खोबऱ्याचे सारण भरले, एकवीस कळ्या पाडून वर नाक काढले आणि वाफवले. यक्षाने हातात घेऊन पाहिले.

"हे कशासाठी असतं?"

"देवाच्या नैवेद्यासाठी," आवडाई म्हणाली. गडाच्या तीनशे पायऱ्या ढासळल्या.

"राजाच्या पंगतीसाठी." आणखी तीनशे गेल्या.

साळुंकीने तिच्या कानाला चोच घासली. आवडाईने डोळे मिटले. तिला मालन दिसली, चार वर्षांची, चुलीपुढे उकिडवी बसलेली. पातेल्याचे झाकण निघायची वाट पाहणारी. झाकण निघाले, वाफ वर आली, आणि वाफेपलीकडे ते एवढेसे तोंड फुलले. त्या तोंडासाठी आवडाईने किती वेळा हात भाजून घेतला होता, आणि किती वर्षांत ते तिला आठवले नव्हते.

"समोरच्याचं तोंड आनंदानं फुलावं, म्हणून," ती म्हणाली.

यक्षाने एक घास खाल्ला. गोडी नव्हतीच, तरी त्याच्या ओठांची कड जराशी हलली. "मोद म्हणजे आनंद," तो म्हणाला. "तो देतं ते हे. यमकात हा अर्थ तू शेकडो वेळा सांगितलास, पण तुला तो पाठ होता, माहीत नव्हता. घे." त्याने एक पांढरा खडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो पदराला बांधला. उतरताना सगळ्या पायऱ्या जागच्या जागी होत्या.

तिथून पाच दिवस चालून ती समुद्राकाठी पोचली. वाळूराणी ओल्या वाळूत बोटाने कडी काढत बसली होती. एकात दुसरे, दुसऱ्यात तिसरे. कडी काढून झाली की ती पिवळीधमक होत आणि पाकासारखी चकाकत.

"हिला ओळखतेस," वाळूराणी म्हणाली. "ही कुठली?"

आवडाईच्या जिभेवर उत्तर होते. आमच्याच राजवाड्यात जन्मली, आमच्याच कढईत, असे ती दर सणाला सांगत आली होती, आणि पंगत दर सणाला मान डोलवत आली होती. तिने तोंड उघडले. पायाखालची वाळू सरकू लागली, घोट्यापर्यंत आली, गुडघ्यापर्यंत आली. आवडाईने तोंड मिटले.

मग तिने तीस वर्षांत न उच्चारलेले वाक्य उच्चारले. "मला ठाऊक नाही. तुम्ही सांगा."

वाळू थांबली. वाळूराणीने तळहाताने किनारा सपाट केला आणि त्यावर चित्र उमटले. तांड्यामागून तांडा येत होता. उंट वाळवंटातून आले, गलबते समुद्रातून आली. एका गलबतातून एक परका आचारी उतरला आणि कढई डोक्यावर घेऊन थेट ह्याच राजवाड्याच्या मागच्या दाराशी आला. दारात एक म्हातारी बाई होती. ती आवडाईच्या सासूच्या सासूची सासू. तिने आधी त्याच्या पायांवर पाणी घातले आणि विचारले, "पाहुण्या, ह्याचं नाव काय, गाव काय?"

त्याने आपल्या देशीचे नाव सांगितले. म्हातारीला ते नीट म्हणता येईना. तिने तीनदा म्हटले, आणि तिसऱ्यांदा ते तिच्या तोंडात वळून गोल झाले. आचारी हसला, म्हणाला, "चालेल." तीच आपली जिलबी.

"एकटी तीच नाही," वाळूराणी म्हणाली. "ती पांढरी वडी आहे ना, तिच्यात दूर देशीच्या लोकांना बर्फ दिसला. आणि ते चौकोनी तळलेले तुकडे. त्यांच्याकडे त्याला नुसतं साखरेचा तुकडा म्हणत. तुमच्या जिभेला शंकर जवळचा, म्हणून तुम्ही त्यात शंकर आणलात. तुमच्या ताटातलं निम्मं गोड पाहुणं म्हणून आलं, बाई. कोणीतरी नाव विचारलं म्हणून राहिलं."

आवडाई खाली वाळूत बसली. तिला आपली चूक पाठ होती, आता माहीतही झाली. वाळूराणीने चिमूटभर वाळू तिच्या पदराला बांधली. जाताना आवडाईने एकच विचारले, "तो पाहुणा कुठे राहतो?"

तो राहत होता बोरखिंडीत. दोन डोंगरांमध्ये एक खिंड, खिंडीत ओसाड पडलेले गाव, आणि गावाच्या टोकाला एक गुहा. गुहेत सोन्याचे हंडे मांडले होते आणि हंड्यांत नावे मधमाश्यांसारखी घोंघावत होती. झाकणांच्या फटीतून आवडाईला त्यांचा आवाज आला. ती तिचीच नावे होती. हंड्यांच्या मागे मांत्रिक बसला होता. मांडीवर ते फडके होते.

"आलीस," तो म्हणाला. "झाकण काढ आणि घेऊन जा. पंगत पुन्हा तुझी वाहवा करील. मुलगी मात्र राहील तशीच."

आवडाईने हंड्यांकडे पाठ केली. ओढ्यावरून पातेले भरून आणले आणि मांत्रिकाच्या पायांवर पाणी घातले. "पाहुण्या," ती म्हणाली, "ह्याचं नाव काय, गाव काय?"

त्याने मान फिरवली. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घेऊन आली, पुन्हा विचारले. त्याने पुन्हा मान फिरवली. तिसऱ्या दिवशी पाणी घालताना तिला मालन दिसत होती, कारण चौदा दिवस होऊन गेले होते आणि मुंग्या काही झोपत नाहीत. तरी तिने घाई केली नाही. पाय नीट धुतले, पदराने पुसले आणि विचारले.

मांत्रिकाच्या डोळ्यांतून पाणी आले.

"गाव हेच," तो म्हणाला. "दुष्काळ पडला, गूळ संपला. आईनं मोहाची फुलं भाजली, नाचणीच्या पिठात कुटली आणि हे वळलं. खिंड चढून कोणीही येवो, त्याला ती एक गोळा द्यायची. म्हणायची, टेक जरा, विसावा घे. म्हणून ह्याचं नाव विसावा. मग गाव उठलं, आई गेली. ती गेल्यापासून हे नाव कोणी घेतलेलं नाही."

"मग तुम्ही आमच्या पंगतीला..."

"मला सगळे मंत्र येतात. यमक जुळवता येत नाही. ऐकलं होतं, एका राज्यात एक बाई आहे, तिनं नाव घेतलं की ते माणसं विसरत नाहीत. हा शेवटचा गोळा घेऊन चौदा गावं चालत आलो होतो, बाई. तुझ्यासाठी."

आवडाईला वाटले, त्या शापापेक्षा हे ऐकणे जड आहे. "चला," ती म्हणाली. "पंगतीत नाव घेते. जमेल तसं."

वाटेत तिला यमक सुचेना. जी बाई पाणी पिता पिता उखाणा जुळवी, तिला सारी वाट चालून दोन ओळी जुळेनात. साळुंकीने विचारले तर म्हणाली, "घाईनं एकदा जुळवलं होतं."

ते राजवाड्यात पोचले तेव्हा मुंग्यांनी पाण्यावर पूल बांधला होता. वाट्यांत पडून मेलेल्या मुंग्यांवरून जिवंत मुंग्या चालत होत्या. राजा धवलसेनाचे हात चावे खाऊन कोपरापर्यंत सुजले होते, डोळे तारवटले होते, आणि तो कुंचला टाकून आता नुसत्या बोटांनी एकेक मुंगी वेचत होता.

"आवडाई," तो म्हणाला, "मी डोळा लागू दिला नाही. तरी एक करंगळी गेली."

मालनच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापर्यंत मुंग्यांनी नेली होती.

आवडाईने हंबरडा फोडला नाही. "पंगत बसवा," ती म्हणाली. "त्या दिवशीचीच माणसं, त्याच जागी."

पाने मांडली गेली. त्या दिवशी हसलेले सारे येऊन बसले आणि मान खाली घालून राहिले. मांत्रिकाला राजाच्या उजवीकडे पाट मिळाला. तबकात गोळा ठेवला. आवडाई मधोमध उभी राहिली, पण पदर खोचायला विसरली. तिने पदराची गाठ सोडली. पांढरा खडा आणि चिमूटभर वाळू तिच्या तळहातावर आली. अर्थ होता, मूळ होते. तिने लेकीकडे पाहिले, मग त्या दमलेल्या माणसाकडे पाहिले, ज्याला इतक्या वर्षांत कोणी टेक म्हटले नव्हते. आणि तिसरा पदर आपोआप आला.

"बोरखिंडीच्या चढावर दमला जीव बसावा,
माउलीने दिलेला घास, नाव त्याचे विसावा."

मग राजाने सुजलेल्या हातांनी गोळ्याचा कण मोडला आणि तोंडात घातला. शेजाऱ्याने कण घेतला, त्याच्या शेजाऱ्याने घेतला. गोळा सगळ्या पंगतीला पुरला.

"गोड आहे," राजा म्हणाला. "आवडलं."

मांत्रिकाने फडक्यात तोंड लपवले. पंगतीच्या टोकाला एक लहान मुलगी म्हणाली, "लाडू." तिची आई म्हणाली, "पेढा." मग सगळीकडून नावे येऊ लागली. खीर आली, करंजी आली, जिलबी आली, बर्फी आली, पुरणाची पोळी आली. मोदक म्हणताना एका म्हाताऱ्याला हसू आवरेना. जसजशी नावे परत आली, तसतशी चौरंगावरची साखर उतरत गेली. आधी केस काळे झाले, मग बांगड्या किणकिणल्या, मग पापणी लवली. मुंग्यांनी रांगा फिरवल्या आणि त्या आपापल्या वारुळांकडे गेल्या.

"आई," मालन म्हणाली, "पाय फार दुखतात गं."

आवडाईने तिला चौरंगावरून खाली घेतले आणि तबकातला शेवटचा कण तिच्या तोंडात घातला. "टेक जरा," ती म्हणाली.

मांत्रिक बोरखिंडीला परत गेला. राजाने त्या गावात घरे बांधून दिली, आणि मोहाच्या दिवसांत खिंडीतून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर आता एक काळा गोळा पडतो. करंगळी मात्र परत उगवली नाही. मोडलेला शाप गेलेले सगळेच परत देतो असे नाही.

पुढच्या नव्या भाताच्या पंगतीला नाव घ्यायला मालन उभी राहिली. दारात एक अनोळखी म्हातारा आला, हातात झाकलेली वाटी. आवडाईने लांबूनच वाटीत पाहिले. तिने पदार्थ ओळखला, त्याचा अर्थ ओळखला, तिच्या जिभेवर यमकही आले.

ती गप्प बसली. चार बोटे आणि अर्धी करंगळी असलेल्या हाताने मालनने पाण्याचा तांब्या उचलला आणि ती दाराकडे निघाली.